खोकला दोन महिने जात नाही? जरा खिडकीबाहेर बघा

दिवाळीचे कंदील उतरले की वर्सोव्यातल्या कुठल्याही दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, ताप गेला, सर्दी गेली, पण खोकला काही जात नाही." तोवर घरचं सगळं करून झालेलं असतं. हळद-दूध, आल्याचा रस, ज्येष्ठमध. मग केमिस्टने दिलेलं सिरप. मग मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून आणलेला अँटिबायोटिकचा कोर्स, तोही तीन दिवसांत सोडलेला. पेशंट माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा हातात एक्स-रे असतो आणि तो बहुतेक वेळा नॉर्मल असतो. त्याने पेशंटला बरं वाटायच्या ऐवजी रागच येतो. "सगळं नॉर्मल आहे, तर मग हे काय?"

अशा वेळी मी एक प्रश्न विचारतो. तुमच्या बिल्डिंगच्या आजूबाजूला सध्या काय पाडलंय?

लोक आधी चमकतात आणि मग बोटांवर मोजायला लागतात. समोरची सोसायटी गणपतीनंतर पाडली. मागच्या प्लॉटवर पायलिंग सुरू आहे. गल्लीतला रस्ता काँक्रीटचा करायला खणून ठेवलाय. पलीकडे सागरी सेतूच्या कामाचे डंपर जातात. चार बंगला, सात बंगला, यारी रोड, जे. पी. रोड, कुठेही राहत असाल तरी उत्तर थोड्याफार फरकाने हेच येतं. खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळी परत जमते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. फक्त त्या धुळीचा आणि आपल्या खोकल्याचा संबंध असेल, असं तिला कुणी सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर या लेखाचा गैरफायदा होईल. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला प्रत्येक खोकला प्रदूषणाचा नसतो. आपल्या शहरात अशा खोकल्याला पहिला प्रश्न टीबीचा विचारायचा असतो. थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात ती मोफत होते. वजन उतरत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल तर हवेला दोष देत बसू नका. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, पित्त घशाशी आल्यानेही येतो. हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं, त्याबद्दल मी बोलतोय. आणि ते दरवर्षी जास्त उरतंय.

वर्सोव्याच्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, कारण आपल्याला समुद्राचा भरवसा आहे. "आमच्याकडे कुठलं प्रदूषण, आम्हाला खारा वारा आहे." या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा आणि पाऊस मिळून मुंबईची हवा अक्षरशः धुऊन काढतात. हिवाळ्यात मात्र गणित बदलतं. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो, आणि दोन्हींचा जोर कमी असतो. रात्री शहरातून बाहेर गेलेली घाण दुपारी बरीचशी आपल्याकडेच परत येते. त्यात थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, असा उलटा थर तयार होतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. धूर आणि धूळ त्या झाकणाखाली कोंडून राहते, आणि ऊन चढेपर्यंत झाकण उघडत नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ला निनाच्या प्रभावामुळे वारे आणखी मंदावले, असं हवामानशास्त्रज्ञांनी सांगितलं होतं. त्या मोसमात मुंबईचे आकडे काही दिवस दिल्लीच्या वर गेले आणि 'समुद्र सगळं सांभाळून घेतो' ही आपली समजूत पहिल्यांदा जरा डळमळली.

सकाळी साडेपाचला चौपाटीवर चालायला जाणाऱ्यांनी हे झाकण लक्षात ठेवावं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिसतं ते सगळंच धुकं नसतं. ज्यांना दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, त्यांनी या दोन-तीन महिन्यांत चालण्याची वेळ दुपारनंतर, समुद्रावरचा वारा सुरू झाल्यावर घ्यावी. चालणं सोडू मात्र नका. शुगर आणि बीपीच्या पेशंटनी हवेच्या भीतीने घरी बसणं हा आणखी वाईट सौदा आहे.

आता मोबाइलवरच्या आकड्याकडे वळू. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेची 'सफर' यंत्रणा मुंबईत २०१५ पासून आहे, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची केंद्रंही आहेत. त्यांचे आकडे अॅपवर येतात आणि व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरतात. तुम्ही अॅपवर १४० बघता, खाली 'मध्यम' असं लिहिलेलं असतं, आणि तुम्ही निश्चिंत होता. हा 'मध्यम' शब्द फार फसवा आहे.

भारतीय निर्देशांकात १०० पर्यंत 'समाधानकारक' आणि २०० पर्यंत 'मध्यम' म्हणतात. निर्देशांक १०० याचा अर्थ, सूक्ष्म कणांपुरतं बोलायचं तर, एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५. निर्देशांक २०० म्हणजे ९० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सांगितलेली मर्यादा आहे १५. म्हणजे आपण ज्याला समाधानकारक म्हणतो त्याचं वरचं टोक त्या मर्यादेच्या चौपट आहे आणि मध्यमचं वरचं टोक सहापट. आपले मापदंड २००९ चे आहेत आणि देशाच्या परिस्थितीला धरून ठरवलेले आहेत, ते मला मान्य आहे. पण फुप्फुसाला देश नसतो. बीपी १६० असताना मी तुम्हाला "मध्यम आहे, काळजी नको" असं म्हटलं तर तुम्ही डॉक्टर बदलाल.

दुसरी गोष्ट, तो आकडा केंद्राजवळच्या हवेचा असतो आणि चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. तुमच्या खिडकीपासून वीस फुटांवर कोणी भिंत तोडतोय, दगड कापतोय, त्याचा हिशेब दोन-चार किलोमीटर दूरच्या केंद्रात येत नाही. अॅप हिरवं दाखवत असताना तुमचं नाक चोंदलं असेल, तर नाकावर विश्वास ठेवा.

हे पीएम प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो. हवेतल्या कणांचे आकार वेगवेगळे असतात. बांधकामाची, रस्त्याची धूळ मुख्यतः जाड असते. यातले दहा मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे पीएम १०. ते नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. शिंका, घशाची खवखव, कोरडा खोकला, दमेकऱ्याची घरघर हे यांचं काम. अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण म्हणजे पीएम २.५. डिझेलचा धूर, कचऱ्याचा धूर, कोळसा आणि लाकूड जळण्याचा धूर यांतून हे येतात. आपला केस साधारण पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे किती बारीक ते समजा. हे कण फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतात, आणि त्यातले अतिबारीक थेट रक्तात उतरतात.

एकदा रक्तात उतरले की विषय छातीपुरता राहत नाही. लोकांना हे सांगितलं की खरं वाटत नाही, म्हणून आकडा देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात घराबाहेरच्या हवाप्रदूषणामुळे सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले. त्यांतले सुमारे ६८ टक्के हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे होते. सीओपीडी, न्यूमोनिया, फुप्फुसाचा कर्करोग हे सगळे मिळून उरलेले. तुमचं लक्ष खोकल्याकडे असतं, आणि नुकसान रक्तवाहिनीच्या अस्तरात चालू असतं. गरोदर बायकांमध्ये बाळाचं वजन कमी भरण्याशीही याचा संबंध सापडलेला आहे. सिगारेट कधी न ओढलेल्या माणसाला सीओपीडी कसा झाला, हा प्रश्न घेऊन मुलं आपल्या आईला माझ्याकडे आणतात, तेव्हा तिचा चुलीपासूनचा आणि रस्त्यापासूनचा सगळा इतिहास काढावा लागतो.

आणि इथे माझ्या व्यवसायाबद्दल एक तक्रार आहे. केसपेपरवर तंबाखूचा रकाना असतो, दारूचा असतो, अॅलर्जीचा असतो. हवेचा नसतो. पत्ता लिहिलेला असतो, पण तो बिलासाठी. लंडनमध्ये एका वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिची आई वर्षानुवर्षं झगडली. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कॉरोनरने मृत्यूच्या कारणांत हवाप्रदूषण असं स्पष्ट नोंदवलं. त्या देशात असं पहिल्यांदाच झालं. १९५२ च्या डिसेंबरात धुरक्याने हजारो माणसं गमावलेल्या शहरालाही एका मुलीच्या कागदावर हे लिहायला इतकी वर्षं लागली. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्याचं सोडाच, साध्या खोकल्याच्या चिठ्ठीवरही हे येत नाही. जे कागदावर येत नाही त्याची मोजणी होत नाही, आणि ज्याची मोजणी होत नाही त्यावर खर्च कोण करणार? तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही सांगा. घराजवळ काय चाललंय, कधीपासून चाललंय, गावी गेलं की खोकला थांबतो का. हा शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा आहे. मे महिन्यात कोकणात पंधरा दिवस राहिल्यावर पंप लागला नाही आणि परत आल्यावर आठवड्यात लागला, ही माहिती मला कधीकधी एक्स-रेपेक्षा जास्त सांगते.

आता मूळ मुद्दा. हवेचा विषय निघाला की आपण दोनच टोकांना जातो. एक तर "सरकारने काहीतरी केलं पाहिजे", नाहीतर "एक एअर प्युरिफायर घेऊन टाकू". या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे, ती आपल्या हातात आहे आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. ती जागा म्हणजे सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा करार.

वर्सोवा-अंधेरी पट्ट्यातल्या साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगा एकामागून एक पडताहेत. आपल्या गल्लीतली धूळ कुठून येते? बरीचशी तुमच्या-माझ्यासारख्या सभासदांनी सह्या केलेल्या कागदांतून येते. वर्ष-दीड वर्ष बैठका चालतात. कार्पेट एरिया किती टक्के जास्त, कॉर्पस किती, भाडं किती आणि दरवर्षी किती वाढणार, शिफ्टिंगचे पैसे, पार्किंग, बँक गॅरंटी, किचनच्या ओट्याला कुठला ग्रॅनाइट. एकेका बाबीवर दोन-दोन तास भांडण होतं. ओट्याच्या ग्रॅनाइटवर भांडणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू. पण धूळ कशी रोखणार, यावर एक ओळ नसते.

आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक सभासद म्हणाले, "डॉक्टर, तोपर्यंत आपण इथे असणारच नाही ना. भाड्याच्या घरात असू." सगळे हसले. हसणं बरोबर होतं, कारण ते अगदी खरं बोलले. आपली बिल्डिंग पडते तेव्हा आपण तिथे नसतो. धूळ शेजाऱ्याची.

फक्त आपण जातो कुठे, ते बघा. मुलांची शाळा इथे, आईवडिलांचे डॉक्टर इथे, त्यामुळे भाड्याचं घर दोन गल्ल्या सोडून घेतो. तिथे समोर दुसरी कुठली तरी सोसायटी पडत असते, आणि तिच्या सभासदांनीही करारात धुळीची ओळ टाकलेली नसते, कारण ते तिथे नसतात. आपण त्यांची धूळ खातो, ते आपली खातात. मग सगळे मिळून नेब्युलायझर विकत घेतो.

नियम नाहीत असं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हवा बिघडली तेव्हा महापालिकेने बांधकामांसाठी सविस्तर सूचना काढल्या. एक एकराहून मोठ्या जागेभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, त्याहून लहान जागेभोवती २५ फूट. बांधकाम चालू असलेली इमारत सगळ्या बाजूंनी हिरव्या कापडाने, तागाच्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकलेली. पाडकाम करताना पाण्याचा फवारा. राडारोडा नेणारी वाहनं झाकलेली, आणि गेटबाहेर पडण्याआधी त्यांची चाकं धुतलेली. कामगारांना मास्क, गॉगल, हेल्मेट. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या विषयाची दखल घेतली. ३० डिसेंबर २०२४ ला तर महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळ्यात बांधकामं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, कारण तिथला निर्देशांक २०० च्या वर राहत होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि तंदूरना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाव महागेल म्हणून तेव्हा किती चर्चा झाली! बिल्डिंग झाकल्याने फ्लॅट महागेल अशी तक्रार मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही, कारण फ्लॅटच्या किमतीत हिरव्या कापडाचा खर्च दिसतही नाही.

नियम आहेत, पण पाळले जातात का ते संध्याकाळी फिरायला जाताना मान वर करून बघा. कापड असतं, वरचे चार मजले उघडे असतात. पत्रे असतात, गेटजवळचे दोन काढून ठेवलेले असतात. चाकं धुवायचा खड्डा असतो आणि तो कोरडा असतो. वॉर्ड ऑफिसचे दोन-चार इंजिनिअर किती साइट बघणार? प्रत्येक साइटला रोज बघणारे डोळे फक्त शेजाऱ्यांचे असतात. आणि बिल्डर ऐकेल असा हात फक्त त्या सोसायटीचा असतो, तोही सही करेपर्यंत. एकदा घरं रिकामी केली की मग आपण फक्त फोन करत राहतो.

म्हणून सही करण्याआधी हे करारात लिहून घ्या. महापालिकेच्या सूचना जशाच्या तशा जोडा. त्या पाळणं बिल्डरला तसंही बंधनकारक आहे, तेव्हा तुम्ही जास्तीचं काही मागत नाही. त्यापुढे दोन गोष्टी घाला. सूचना मोडल्या तर दिवसाला ठरावीक दंड, तो भाड्यासारखा सोसायटीच्या खात्यात जमा. आणि शेजारच्या सोसायट्यांना फोन करता येईल असा एक नंबर गेटवर, त्या नंबरवर उचलणारा माणूस आणि तक्रारींची वही. भाषा वकील नीट करून देतील. तुमच्या पीएमसीला विचारा, तो म्हणेल असं कोणी घालत नाही. पहिल्यांदा कोणीतरी कॉर्पसही मागितलाच असेल ना?

"त्यापेक्षा दहा फूट जागा जास्त मागा," असं म्हणणारे भेटतील. त्यांच्या घरात दम्याचं मूल नसेल तर त्यांना तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण सभेत प्रत्येक घरात कोण पंप घेतं ते हात वर करून विचारा. लोक लाजतात, तरी काही हात वर येतात. माझ्या अंदाजापेक्षा ते नेहमी जास्त असतात.

आणि कृपा करून यात साइटवरच्या माणसांना विसरू नका. आपण काच लावून घेऊ शकतो. जो माणूस हातोड्याने स्लॅब फोडतो, त्याची बायको जी घमेली वाहते, आणि त्यांचं मूल जे तिथेच पत्र्याच्या खोलीत वाढतं, त्यांच्यासाठी ती धूळ म्हणजे चोवीस तासांची हवा. आरामात बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. ओझं वाहणारा त्याच्या कितीतरी पट, तीही तोंडाने, नाकाची चाळणी टाळून. सिमेंट-काँक्रीट कापताना, फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिने फुप्फुसाला कायमची जखम होते, आणि अशा फुप्फुसात टीबी सहज घर करतो. सिलिकोसिसवर उलट फिरवणारं औषध नाही. म्हणूनच पाण्याचा फवारा हा शेजाऱ्यांवर उपकार नाही, तो त्या माणसाचा जीव वाचवणारा उपाय आहे. ओली धूळ उडत नाही, इतकं साधं आहे ते. साइटवरचा वॉचमन रात्री खोकत असेल, तर त्याला दवाखान्यात पाठवा. बांधकाम कामगारांसाठी राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे, नोंदणी झालेली आहे का ते ठेकेदाराला विचारा. कोणी विचारतंय एवढं कळलं तरी फरक पडतो.

कोळीवाड्यातल्या एक मावशी डोळे चुरचुरतात म्हणून आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "डागदर, बोंबील वाळत घालते तर आता आधी धुवायला लागतात. वाळूचे नाय, सिमिटाचे." बांबूच्या चौकटीवर टांगलेल्या मासळीवर काय बसतं, त्यावरून हवा ओळखणारी ही बाई माझ्या अॅपपेक्षा जास्त अचूक आहे. २०१५ पासून वर्सोव्याचा किनारा लोकांनी हातांनी साफ केला, जगभर त्याचं नाव झालं. प्लास्टिक डोळ्यांना दिसत होतं म्हणून ते जमलं. हवेतली घाण कोणी पोत्यात भरून दाखवू शकत नाही, हीच अडचण आहे.

सगळी घाण बांधकामाची नाही, हेही सांगायला हवं. चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्या, वीजकेंद्रं, डिझेलची वाहनं, कचऱ्याच्या आगी यांचा वाटा आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा तो धूर उपग्रहातून दिसत होता. त्यावर सोसायटीचा करार काही करू शकत नाही, तिथे सरकार आणि न्यायालयच हवं. पण गल्लीतली शेकोटी तुम्ही विझवू शकता. थंडीत वॉचमन प्लायवूडचे तुकडे, थर्माकोल, रंगाचे डबे असं जे मिळेल ते जाळतो, कारण त्याला थंडी वाजते. त्याला ओरडण्यापेक्षा एक ब्लँकेट द्या. झाडूवाला पालापाचोळा पेटवत असेल तर तो कुठे टाकायचा, ते त्याला दाखवा.

घरातल्या धुराचं काय? दार-खिडक्या बंद करून संध्याकाळी धूप, दोन अगरबत्त्या आणि रात्री डासांची कॉइल लावणारी घरं मी बघतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे आढळले होते. मच्छरदाणी लावा, सर्वांत स्वस्त आहे. देवाला एक निरांजन पुरतं, आणि धूप लावायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवा. मासे तळताना एक्झॉस्ट फॅन सुरू करा, तळून झाल्यावर नव्हे.

प्युरिफायरबद्दल फार विचारतात. हेपा फिल्टरचा असेल, खोलीच्या आकाराला पुरेसा असेल आणि खोली बंद असेल तर तो काम करतो. दम्याच्या मुलाच्या झोपायच्या खोलीत ठेवायला माझी हरकत नाही. ओझोन किंवा आयन सोडणारं यंत्र घेऊ नका, ओझोन स्वतःच श्वासनलिकेला चावतो. कुंड्यांमधली झाडं सुंदर दिसतात, हवा शुद्ध करण्याइतकी त्यांची ताकद नसते. गुळाने फुप्फुस साफ होत नाही. गूळ घशातून पोटात जातो, त्याचा रस्ताच वेगळा आहे. तुमच्या शुगरचं मात्र नुकसान होतं. 'लंग डिटॉक्स' काढ्यांचंही तेच, पैसे तेवढे साफ होतात. नाकात मिठाच्या कोमट पाण्याचा फवारा किंवा जलनेती मात्र आराम देते, फक्त पाणी उकळून गार केलेलं असावं.

मास्क कापडाचा असेल तर बारीक कणांना तो दारात उघडी जाळी लावल्यासारखा आहे. एन ९५ घ्या, आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर बसत नाही. रोज बाहेर हिंडणाऱ्या रिक्षावाल्यांनी, ट्रॅफिक पोलिसांनी, साइटसमोर दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्यांनी तो वापरावा. एसी गाडीतून ऑफिसला जाणाऱ्याने काच बंद ठेवली आणि हवा आतल्या आत फिरवली तरी पुष्कळ झालं.

दम्याच्या पेशंटना दोन शब्द वेगळे. 'पंपाची सवय लागते' हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. सवय पंपाची लागत नाही, आजार असतो म्हणून पंप लागतो. चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही. निळा पंप धाप लागल्यावर लगेच आराम देतो, पण आतली सूज उतरवत नाही. सूज उतरवणारा पंप वेगळा असतो, तो बरं वाटत असतानाही रोज घ्यायचा असतो, आणि नेमका तोच लोक पहिल्यांदा बंद करतात. निळा पंप आठवड्यात दोनदाहून जास्त लागत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही. मोसम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला, येऊन औषधं तपासून घ्या. पंप घेताना माझ्यासमोर एकदा घेऊन दाखवा, कारण निम्म्या लोकांचं औषध जिभेवरच बसतं. स्पेसर वापरा, नंतर चूळ भरा. साठीच्या पुढच्यांनी फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

घरात पल्स ऑक्सिमीटर पडून असेल तर त्याची बॅटरी बदलून ठेवा. एक वाक्य पूर्ण बोलताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, किंवा छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटत असेल, तर वाफ घेत बसू नका, माझी ओपीडी सुरू होण्याची वाट बघू नका. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत थेट जा, आणि जाताना सगळे पंप आणि गोळ्या पिशवीत घालून न्या.